बिनअर्थाचं गाणं आणि दोन बस्ते

"बाई, ह्या गाण्यात शिव्या हायेत का?"

हे मी विचारलं. नववी ब च्या भरल्या वर्गात, उभी राहून, हात पाठीमागं बांधून. स्वप्नाली आणि नसरीननं एका पेप्सीची पैज लावली होती. पेप्सी म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ, आठ आण्याचा. बाटलीतली पेप्सी त्या वर्षी केजच्या स्टँडवर नुकतीच आलती, पण ती बघायची वस्तू होती, पैजेत लावायची नव्हे.

उदगीरकर बाईंनी टेप बंद केला. वर्ग इतका गप्प झाला की बाहेर घंटेजवळ तंबाखू मळणाऱ्या शिपायाची टाळी ऐकू आली.

"कुणी विचारायला लावलं?"

"कुणी न्हाई बाई. मलाच वाटलं."

बाईंनी स्वप्नालीकडं बघितलं, नसरीनकडं बघितलं, आणि हसल्या. "शिव्या नाहीत. शिव्या असायला आधी भाषा लागते. ही भाषाच नाही कुठली. गाणं करणाऱ्यानं नुसते आवाज जोडलेत. गळा मोकळा सुटावा म्हणून."

बाईंच्या भावानं पुण्याहून ती कॅसेट पाठवली होती. पंचवीस-तीस परदेशी बायका एका आवाजात सुरू करायच्या, मग त्या आवाजाच्या तीन वाटा व्हायच्या, आणि खालून आपल्या हलगीसारखंच काहीतरी घुमायचं. आम्ही आठवडाभर भांडत होतो. मी म्हणत होते इंग्रजी. स्वप्नाली म्हणत होती अरबी. नसरीन म्हणायची, "अगं मी रोज अरबी पढते, मला कळंना का?" आणि आता बाई म्हणत होत्या की हे काहीच नाही.

तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. मी वळून बघितलं. सुरेखा होती. दीड-दोन वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

सुरेखाबद्दल आत्ताच सांगून टाकते. तिची माय आणि आबा, म्हणजे बजरंगमामा, दरसाल ऊस तोडायला जायचे, दिवाळीत गेले की उन्हाळ्यात परत. सुरेखा आणि तिची धाकटी बहीण विमल आजीजवळ राहायच्या आणि तिथून शाळेत चालत यायच्या, साडेचार किलोमीटर. सुरेखाचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. खोल. सातवीत बाईंनी तिला बीडच्या समूहगान स्पर्धेत एक ओळ एकटीला दिली होती. परीक्षक स्टेजवर आले आणि माईकवर म्हणाले, "सूर चांगले आहेत, पण उच्चार! पाण्याला पानी म्हणणाऱ्या मुलींनी आधी बोलायला शिकावं." सगळा हॉल हसला. त्या हॉलमधल्या अर्ध्या लोकांच्या घरी पानीच म्हणतात, ते सुद्धा हसले. गाडीत बसून केजला येईपर्यंत सुरेखा बोलली नाही. आणि मग बोललीच नाही. हजेरीला हात वर करायची.

माझं उलट झालतं. मी आठवीपर्यंत भित्री होते. गॅदरिंगच्या दिवशी निवेदन करणाऱ्या मुलीला ताप आला, माईक माझ्या हातात पडला, आणि त्यातून माझा आवाज बाहेर आलेला ऐकून मीच थक्क झाले. तेव्हापासून कुणी नुसतं "विचारून दाखव" म्हणायचा अवकाश. मुख्याध्यापकांना त्यांच्या मिशीचं विचारलं मी. पोस्टमनला विचारलं की तो लोकांची पत्रं वाचतो का. मला वाटायचं, मी कुणालाच भीत नाही.

त्या प्रश्नानंतर आठ दिवसांनी बाईंनी आम्हाला वर्गाबाहेर चिंचेखाली बसवलं.

"ह्या वर्षी आपण आपली भाषा करायची," बाई म्हणाल्या. "जिच्यात उच्चार चुकूच शकत नाहीत. कारण बरोबर उच्चार फक्त आपल्यालाच माहीत."

मला अजून ते वाक्य तसंच्या तसं आठवतं, कारण बाई बोलत होत्या आमच्याशी आणि बघत होत्या सुरेखाकडं.

नियम एकच होता. प्रत्येकीनं घरून शब्द करून आणायचा आणि तो सगळ्यांच्या घरी विचारायचा. एका घरात जरी अर्थ निघाला तरी शब्द बाद. मी "हल्लू" नेला. तो आमच्याच घरात मेला, कर्नाटकातली मावशी आलती, ती म्हणाली कन्नडमध्ये त्याला दात म्हणतात. आम्ही लिंगायत वाणी, आमच्याकडं निम्मे पाहुणे तिकडचेच. स्वप्नालीनं "बोगा" आणला. नसरीन लाल झाली. "बाई, हा नको." "का गं?" "नको म्हंजे नको. सांगता येत न्हाई." बाईंनी न विचारता खोडला. लमाण तांड्यावरच्या दोघींनी आपल्या बोलीत अर्थ काढून एका दिवसात सात शब्द मारले. आम्ही पोटं धरधरून हसायचो.

सुरेखानं आणलेला शब्द कुणालाच मारता आला नाही. ओरेमा.

"कुठून काढलास?" मी विचारलं.

"वाटंनं," ती म्हणाली. "चालता चालता. पावलाला बसतो तो. बघ."

आणि ती चालून दाखवायला लागली. ओ-रे-मा, ओ-रे-मा. सगळं गाणं बाईंनी त्या चालीवरच उभं केलं.

*ओरेमा सायू, तेलुमा वे,*
*नाडोरी आमू, हेयाला ने.*

ठेका मी दिला, कपिलधारच्या यात्रेत आमच्या दिंडीतले टाळकरी धरतात तो. वर चढायची जागा नसरीनच्या मामूकडून आली, ते उरुसात कव्वालीला बसायचे. हलगी शाळेचा शिपाई वाजवायचा. ना धड भजन, ना कव्वाली, ना कॅसेटवरचं ते विलायती, आणि तिन्ही. बाईंनी आमचे तीन भाग केले. वरचा आवाज आमचा, मधला तांड्यावरच्या पोरींचा, आणि खालचा सुरेखाचा. खालच्यात ती एकटी होती. दुसरी कुणी तितकी खाली जाऊच शकत नव्हती. ती "ओरेमा" धरायची आणि आम्ही त्यावर उभ्या राहायचो. ती थांबली की आम्ही सगळ्या लटपटायचो.

ती बोलायला पण लागली. आधी त्या भाषेतच. हजेरीला "ओरेमा" म्हणायची, बाई हसून हजर लावायच्या. मग मराठीत. मग लई बोलायला लागली. भूगोलाच्या सरांना तिनं एकदा सांगितलं, "सर, ऊस लावायचं पुस्तकात हाय, तोडायचं कावून न्हाई?" पैज न लावता! मला जरा हेवाच वाटला.

नवरात्रात ती शाळेत आली नाही. सातव्या माळेला मला ती दिसली, आमच्या दुकानात.

आमचं कापडाचं दुकान आहे, मेन रोडला, एसटीडी बूथला लागून. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच वर्षी काचेचं शोकेस केलतं, जीन पँट लावायला. पण दुकान चालतं ते बस्त्यावर. बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड एकदम घेणं. दोन्हीकडची माणसं गादीवर येऊन बसतात, चहा होतो, नवरीची साडी, मानाची लुगडी, टोप्या-टॉवेल, सगळं निवडून एका चादरीत गाठ मारून बांधायचं. आमच्याकडं पद्धत आहे की बस्ता बांधला की माझी आई घरातून खाली येऊन नवरीची ओटी भरते. अप्पांच्या आजीपासूनची पद्धत.

आखाडापासून तुळशीच्या लग्नापर्यंत बस्ता येत नाही. आला तर तो कोयत्याचा, हे आमच्या दुकानात सगळ्यांना कळतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवते. मुकादम टोळीत जोडी घेतो. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुणी नेत नाही. म्हणून टोळ्या निघायच्या आधी पोरांची लग्नं उरकून टाकतात, तिथी असो नसो.

सुरेखाला कुणीतरी साडी गुंडाळलेली होती. ती बायकांच्या मधे बसलेली. मी जिन्यावर उभी होते, हातात गणिताची वही. बंकटकाका, आमचे जुने गुमास्ते, साड्यांच्या घड्या उलगडत होते.

"हे बघा, सुरतेचा माल. धुवा, आपटा, काई होत न्हाई."

"आपटायला येळ कुठं ऱ्हातोय तिथं," नवऱ्याकडची एक दांडगी बाई म्हणाली. सुंदरबाई, नवऱ्याची आत्या. सगळे हसले. नवरा सिदू दाराजवळ चपलांपाशी उभा होता. तो पण फार मोठा नव्हता. बावीस-तेवीसचा असेल.

अप्पांनी प्रेमानंच विचारलं, "बाळ, रंग कंचा आवडतो तुला?"

सुरेखानं जिन्याकडं बघितलं. माझ्याकडं. माझ्या तोंडात प्रश्न तयार होता. 'अप्पा, हिचं वय किती ते विचारा की.' इतकाच. माझ्याच वर्गातली, चौदा वर्षांची, माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. मुख्याध्यापकांना मिशीचं विचारणारी मी. मी वहीची सुरळी करत उभी राहिले.

आईनं ओटी भरली. नारळ, खण, पाच खारका. सुरेखानं पदर पसरला, तो तिला नीट पसरता येईना, सुंदरबाईनं धरला.

जाताना ती माझ्याजवळून गेली. "बाईला सांगू नको," हळूच म्हणाली. "त्या घरी येतील, आन् मग आबा लाजंनं मरतील. गाणं तुमी म्हना. मी तिथं म्हनन."

मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं. तिनंच सांगितलं ना, सांगू नको म्हणून.

संध्याकाळी मी अप्पांना म्हणाले, "अप्पा, ती माझ्या वर्गात हाय."

"मला दिसलं," अप्पा म्हणाले. ते चष्मा पुसत होते. "आपण कापड विकतो ईश्वरी. लग्न लावीत न्हाई. ते लोक दुसऱ्या दुकानात गेले असते, लग्न तर झालंच असतं. कमीत कमी आपल्याकडं माल चांगला भेटला."

दिवाळीनंतर टोळ्या गेल्या. ट्रक आमच्या दुकानासमोरूनच जातात, वर भांडी, कोंबड्या, खोपीचे बांबू, आणि त्यावर माणसं. मी तीन दिवस बघितलं. ती दिसली नाही. दिसली असती तर मी काय करणार होते, हात हलवणार होते?

डिसेंबरात बीडला आम्ही गायलो. बाईंनी खालच्या आवाजात कुणालाच उभं केलं नाही. तिथं एका माणसाची जागा मोकळी ठेवली. "तिची आहे," एवढंच म्हणाल्या. हलगी सुरू झाली, आम्ही सायू-तेलुमा म्हणायला लागलो, आणि खाली काहीच नव्हतं. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं. एका परीक्षकानं विचारलं, "कोणती बोली ही?" मी माईक घेऊन म्हणाले, "आमची. तुम्हाला चूक काढता यायची न्हाई." टाळ्या पडल्या. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. गाडीत स्वप्नाली म्हणाली, "ईश्वरी, तुझी काय हिंमत हाय गं!" मी खिडकीबाहेर बघत बसले.

मार्चात, परीक्षेच्या तोंडावर, बूथवाल्या विठ्ठलरावांनी मला हाक मारली. आजूबाजूच्या सगळ्या गावांचे निरोप त्यांच्याच नंबरवर यायचे. "पोरी, कागद दे गं एक. आन् तूच लिही, तुझं अक्षर चांगलंय." रिसीव्हर कानाला लावून ते तुकडे तुकडे सांगत गेले, मी लिहीत गेले. फडात मोळी चढवताना पडली. पोटुशी होती. रक्त थांबेना. बैलगाडीत घालून निघाले. दवाखाना लांब. वाटेतच. तिकडंच उरकलं. आजीला सांगा.

"नाव?" मी विचारलं, कारण अजून लिहायचं राहिलं होतं.

विठ्ठलरावांनी फोनवर विचारलं. मग माझ्याकडं बघितलं. त्यांना माहीत नव्हतं ती माझ्या वर्गातली होती ते. "सुरेखा," ते म्हणाले. "सिदूची बायको लिही."

मी लिहिलं. माझं अक्षर खरंच चांगलं आहे.

बाई दुसऱ्या दिवशी सुरेखाच्या आजीच्या गावाला जाऊन आल्या. पुढं टोळ्या परत आल्यावर परत गेल्या आणि सुरेखाच्या मायजवळचा मृत्यूच्या दाखल्याचा कागद बघून आल्या. कागदावर वय लिहिलं होतं, वर्षे एकोणीस. बाईंनी आम्हाला हे चिंचेखाली सांगितलं. "मला वाटलं होतं तिचे आईवडील तिला सोबत घेऊन गेले," एवढंच शेवटी म्हणाल्या. "लग्नाचं मला कुणी सांगितलंच नाही."

नसरीन रडली, स्वप्नाली रडली. मला माहीत होतं कुणी सांगितलं नाही ते.

जूनमध्ये आम्ही दहावीत गेलो आणि विमल आठवीत आली. गाण्याच्या तासाला ती दारात येऊन उभी राहिली. काडीसारखी, ताईचाच निळा स्कर्ट कमरेत दुमडून घातलेला.

"काय गं?" बाई म्हणाल्या.

ती आत आली आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सुरू केलं, आणि खालून तो आवाज आला. ओरेमा. तितका खोल नव्हता, थोडा कापत होता, पण जागेवर होता. ताई रोज वाटेनं म्हणायची, तिनं ते चालता चालताच उचललं होतं. बाई पेटीवर डोकं टेकून बसल्या. आम्ही तीनदा म्हटलं ते गाणं. कुणाला थांबावंसं वाटेना.

पावसाळ्यात तिची आजी वारली. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

आज नवरात्राची पाचवी माळ. शाळा सकाळची होती. मी घरी येऊन हातपाय धुतले तर खालून बंकटकाकांचा आवाज आला, "हे बघा, सुरतेचा माल." मी जिन्यात आले.

तीच माणसं होती. बजरंगमामा, सुरेखाची माय, सुंदरबाई. सिदू त्याच जागी, चपलांपाशी. आणि गादीवर मधोमध विमल. शाळेतून थेट आणलेली, युनिफॉर्ममध्ये, दप्तर अजून मांडीवर.

बंकटकाकांना समजलं होतं. त्यांचे हात हळू चालत होते. अप्पांना पण समजलं होतं. ते हिशोबाच्या वहीत बघत होते, वही बंद होती.

"एकटा गडी हाय, मुकादम घेईना," सुंदरबाई सांगत होती, जसं काही मिरच्यांचा भाव सांगावा. "अर्धा कोयता कोन नेतंय? आन् सोयरीक बाहेर कशाला घालवायची. घरातलीच हाय."

"आन् हिला ठिवायची कुठं?" सुरेखाची माय म्हणाली. तिनं ते कुणाला म्हटलं कळलं नाही. "म्हातारी गेली. कुणाच्या दारात टाकून जाऊ तरणी पोर?"

तरणी! तेरा पूर्ण व्हायचेत तिला.

मी दोन पायऱ्या उतरले. मला काय सुचलं माहीत नाही, मी हळू आवाजात सुरू केलं, सायू, तेलुमा वे. वरचा आवाज. म्हणजे तिनं खालून ओरेमा धरावं. ती रोज धरायची, मधल्या सुट्टीत मी नळावर नुसती गुणगुणले तरी मागून धरायची. विमलनं माझ्याकडं बघितलं. ओठ गच्च मिटलेले होते. मी परत म्हटलं. तिनं मान खाली घातली आणि दप्तराचा बंद बोटाला गुंडाळायला लागली.

"हे काय मधीच," सुंदरबाई म्हणाली.

मग मी विचारलं. पैज नव्हती, कुणी बघत नव्हतं स्वप्नाली-नसरीन वगैरे. मी कठडा धरला होता.

"हिचं वय किती हाय?"

सिदूनं चपला घातल्या आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

"बाईमानसाला वय इचारतेत का पोरी," सुंदरबाई हसली. "इचार तुझ्या आईला, तिचं किती होतं ते."

"ईश्वरी, वर जा," अप्पा म्हणाले.

"मामा, तुमी सांगा. किती हाय?"

बजरंगमामांनी टोपी काढली, परत घातली. "पोरी," ते म्हणाले, "एकीला मी माझ्या हातानं तिकडच्या मातीत ठिवून आलोय. मला का कळत न्हाई व्हय?" आणि त्यांचा आवाज फुटला. "पर तू सांग मला. मी हिला कुठं ठिवू? तुझ्या घरी ठिवतीस?"

मी अप्पांकडं बघितलं. अप्पा ओरडले, "वर जा म्हनलं ना!"

मी वर गेले नाही. गाठोडं बांधेपर्यंत तिथंच राहिले. आई ओटीचं ताट घेऊन खाली आली. तिनं विमलला बघितलं आणि ताटातला नारळ घरंगळला. पण सगळ्या बायका बघत होत्या, आणि पद्धत म्हणजे पद्धत. "पदर धर गं बाळ," आई म्हणाली. विमलला पदरच नव्हता. तिनं इकडं तिकडं बघितलं, दप्तर खाली ठेवलं, आणि स्कर्टचा घेर दोन्ही हातांनी पुढं धरला, पोरी चिंचा वेचायला धरतात तसा. आईनं त्यात नारळ ठेवला. खण ठेवला. खारका ठेवल्या. नारळाच्या वजनानं स्कर्टची दुमड सुटली, आणि तो सुरेखाचा स्कर्ट विमलच्या घोट्यापर्यंत लोंबला.

गाठोडं दुकानातच ठेवून माणसं गेली. बैलगाडी उद्या दुपारी येणार, तेव्हा नेणार. लग्न परवा.

मी सायकल काढली आणि बाईंच्या घरी गेले. धापा टाकत सगळं सांगितलं. आजचं आधी. मग मागच्या वर्षीचं. जिन्यावर उभी होते ते. साडी कोणत्या रंगाची घेतली ते. सुरेखा काय म्हणाली ते, आणि मला सुटल्यासारखं वाटलं ते पण. बाईंचा हात तांदूळ निवडता निवडता थांबला होता. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस," बाई म्हणाल्या.

"ती पण," मी म्हणाले.

बाईंनी ताट बाजूला सारलं आणि कागद घेतला. "अर्ज मी करते. तहसीलदारांना एक, पोलिसांना एक. शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख देते, दोघींची. पण मला विचारतील, लग्न आहे कशावरून? मी बस्ता बघितला नाही, ईश्वरी. बघणारं कुणी पाहिजे. नाव पाहिजे, दुकान पाहिजे."

"आन् विमलला ठेवायचं कुठं, ते विचारतील मामा."

"इथं," बाई म्हणाल्या. "दोन खोल्या आहेत मला. हे मला मागच्या वर्षी पण जमलं असतं."

त्यांनी अर्ज लिहिला. दुकानाचं नाव लिहिताना थांबल्या. "घरी विचारून ये. तुझ्या अप्पांचं नाव यात जातंय. गिऱ्हाईक तुटेल. त्या गावांमधला एक माणूस तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही. तुलाही बोलतील. विचारून ये, मग सही कर."

मी पेन मागितलं आणि आधी सही केली.

घरी आले तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. अप्पा आणि आई आतल्या बाजूला जेवायला बसलेले, पण ताटं तशीच होती. भाकरीला कुणी हात लावला नव्हता. त्या दोघांच्या मधे, गादीवर, ते गाठोडं होतं. चादर मागच्या वर्षीच्या बस्त्यासारखीच, पिवळ्या फुलांची. बंकटकाका गल्ल्याजवळ उभे होते, मला बघून ते बाहेर गेले.

"कुठं गेलतीस?" आईनं विचारलं.

"बाईंकडं."

अप्पांनी चष्मा काढला. "काय सांगितलंस?"

"सगळं."

"तुला कळतं का, काय होईल?" अप्पांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "पन्नास वर्षं ही गावं आपल्याकडं येतेत. माझ्या आज्यापासून. आन् मी काय पाप केलं? दुसऱ्या दुकानात गेले असते तर..."

"मागच्या वर्षी पण तुमी हेच म्हनलात अप्पा. आन् मी ऐकलं."

आईच्या बोटांना अजून हळदीकुंकू होतं.

मला त्या दोघांचा राग आला नव्हता. खरंच नाही. मला रडू येत होतं, पण माईक हातात असल्यासारखी मी सरळ उभी राहिले.

"अप्पा, आई, ऐका. उद्या साडेनवाला मी बाईंबरोबर तहसीलला चाललेय, तिथून पोलिसात. अर्जावर माझी सही झालीय. बस्ता आपल्या दुकानात बांधला, दोन्ही बस्ते बांधले, हे मी सांगणार हाय. ओटी कुणी भरली विचारलं तर आईचं नाव सांगणार, मी जिन्यात गप उभी होते ते पण सांगणार. मी विचारायला आले न्हाई. तुमाला कळावं म्हणून सांगतेय. दुपारी त्यांची बैलगाडी येईल, तेव्हा मी घरी नसन. हे गाठोडं त्यांच्या हातात द्यायचं का न्हाई, ते तुमी ठरवा."